संकेतस्थळावर आलेल्या चौकशीचा हिशेब

बाजारांत माल पाठविणारा कोणताही बागाईतदार दलालाकडून आलेली पट्टी डोळे मिटून मान्य करीत नाहीं. किती पेट्या पाठविल्या, कोणत्या दिवशीं पाठविल्या, त्यांत पहिल्या प्रतीच्या किती व दुसऱ्या प्रतीच्या किती, हें त्यानें घरच्या वहींत अगोदरच टिपून ठेविलेलें असतें. पट्टी हातीं पडली म्हणजे तो ती वही काढतो, आंकड्यास आंकडा लावून पाहतो, आणि फरक दिसला तर तत्काळ विचारणा करतो. आडत, हमाली व तोलाई ह्यांच्या एकेका रुपयाबद्दल वाद घालणारे आपण लोक जेव्हां स्वतःचें संकेतस्थळ काढून थेट गिऱ्हाइकास माल विकूं लागतों, तेव्हां मात्र ही अंगवळणीं पडलेली सावधगिरी कोठें जाते तें समजत नाहीं. संकेतस्थळ तयार करून देणारा मनुष्य महिनाअखेर जो कागद पाठवितो तो आपण कौतुकानें पाहतों, "इतक्या हजार लोकांनीं भेट दिली" असें वाचून संतोष मानतों, आणि कागद बाजूस ठेवून देतों. त्या हजारांपैकीं चौकशी किती जणांनीं केली, त्या चौकशा आपल्या हातीं पोहोंचल्या कीं नाहींत, आणि त्यांतून माल किती गेला, हे प्रश्न विचारण्याचें आपल्या मनांतहि येत नाहीं. ह्या उणिवेकडे शेतकरी बंधूंचें लक्ष वेधावें, एवढ्याचसाठीं हा लेख लिहीत आहें.

हा विषय शहरांतल्या दुकानदारांचा आहे, आपला नव्हे, असें कोणी म्हणेल तर तें आतां खरें राहिलेलें नाहीं. २०१६ सालीं महाराष्ट्रांत फळें व भाजीपाला ह्यांची बाजार समितीच्या आवाराबाहेरील विक्री नियमनमुक्त झाली. २०१८ सालीं कोंकणच्या हापुसास भौगोलिक मानांकन मिळालें, आणि अस्सल माल थेट बागेंतून मागविण्याची ओढ शहरांतील गिऱ्हाइकांत वाढली. आंबा, द्राक्षें, बेदाणा, गूळ, इंद्रायणी तांदूळ, हळद ह्यांचीं संकेतस्थळें आज शेतकरी व त्यांच्या उत्पादक कंपन्या चालवीत आहेत. त्यांतील बहुतेकांवर चौकशीचा एक लहानसा फॉर्म असतो. नांव, गांव, दूरध्वनीचा क्रमांक व किती माल हवा, एवढें त्यांत भरावयाचें असतें. हा फॉर्म म्हणजे आपल्या ओसरीवर येऊन बसलेलें गिऱ्हाईक होय. त्याची दखल कोणी घेतली नाहीं, तर तें मुकाट्यानें उठून शेजाऱ्याच्या ओसरीवर जातें.

माझी स्वतःची फजिती सांगितल्यावांचून ह्या बाबतींत उपदेश करण्याचा मला अधिकार पोहोंचत नाहीं. माझी बाग हापुसाची आहे. कांहीं वर्षांपूर्वीं मीं एका गृहस्थांकडून संकेतस्थळ करून घेतलें. पहिल्या हंगामांत दर महिन्यास त्यांचा कागद येई व त्यांत भेटींचा आंकडा चढता असे. फोनवरून थोडीबहुत मागणी झाली, परंतु फॉर्मावाटे एकहि चौकशी आली नाहीं. लोक फोनच करतात, फॉर्म कोणी भरीत नसावें, अशी मीं आपल्या मनाची समजूत घातली. पाऊस सुरू झाल्यावर माझी पुतणी सुटीसाठीं घरीं आली. तिनें सहज म्हणून सर्व तपासून पाहिलें, तेव्हां असें आढळलें कीं, फॉर्मांतील मजकूर चाचणीच्या वेळीं उघडलेल्या एका ईमेल खात्याकडे जात होता, आणि तें खातें त्यानंतर कोणींहि उघडून पाहिलें नव्हतें. त्यांत एकतीस चौकशा पडून होत्या. एक चौकशी पुण्याच्या एका कुटुंबाची, अक्षय्यतृतीयेच्या आधींची होती. घरच्या लग्नांत पाहुण्यांस देण्यासाठीं त्यांना चाळीस पेट्या हव्या होत्या. मीं ती वाचली तोंवर बागेंत एक फळ शिल्लक नव्हतें. तो माल मी वाशीच्या बाजारांत पडत्या भावानें देऊन मोकळा झालों होतों.

ह्यांत मला अधिक लागलेली गोष्ट निराळीच आहे. संकेतस्थळाची मोजणी करणारें जें साधन त्या गृहस्थांनीं बसविलें होतें, त्यांत पाठविलेल्या फॉर्मांचा आंकडा रोजच्या रोज उमटत होता. तो पाहण्यास मला कोणी मनाई केली नव्हती. मीं मार्च महिन्यांतच एकदां तो पाहिला असता आणि आपल्या हातीं आलेल्या चौकशींशीं ताडून घेतला असता, तर एका आठवड्यांत चूक सांपडली असती. भेटींचा आंकडा मीं वाचला. ज्यावर माझा हंगाम अवलंबून होता तो आंकडा वाचला नाहीं. तेव्हांपासून माझें असें मत बनलें आहे कीं, फॉर्मांची मोजणी ही जाहिरातदारांची हौस नसून शेतावरच्या राखणीसारखी आहे. आपण झोंपेंत असतांना काय चाललें होतें तें ती सांगते, परंतु सकाळीं उठून राखणदारास विचारलें तरच.

आतां हें साधन काय आहे तें थोडक्यांत सांगतों. गूगल कंपनीनें २००५ सालीं अर्चिन नांवाची कंपनी विकत घेतली व तिच्या पायावर गूगल ॲनालिटिक्स हें साधन लोकांस विनामूल्य दिलें. संकेतस्थळाच्या प्रत्येक पानांत एक लहानशी संगणकी आज्ञावली ठेवितात. कोणी पान उघडलें, खालीं सरकविलें, दुव्यावर बोट ठेविलें, कीं त्या प्रत्येक क्रियेची एक "घटना" म्हणून नोंद होते. २०२० सालीं निघालेल्या चौथ्या आवृत्तींत फॉर्म भरावयास आरंभ झाला ही एक घटना व फॉर्म पाठविला ही दुसरी घटना, अशा दोन्ही आपोआप टिपण्याची सोय आहे. ह्या दोहोंमधील अंतर फार बोलकें असतें. पुष्कळांनीं फॉर्म भरावयास घेतला आणि थोड्यांनींच पाठविला, असें दिसलें तर फॉर्म लांबलचक आहे, किंवा मोबाईलवर तो नीट चालत नाहीं, असें समजावें. आंबे मागविणाऱ्यास पिन कोड, जन्मतारीख व व्यवसाय विचारण्याचें कारण नाहीं.

परंतु आपोआप होणाऱ्या ह्या नोंदीवर सर्वस्वीं विसंबूं नये. फॉर्म ज्या पद्धतीनें तयार केला असेल तिच्यावर ती अवलंबून असते. कांहीं फॉर्मांत क्रमांक चुकीचा भरल्यामुळें मजकूर परत येतो, तरी "पाठविला" अशी नोंद होऊन बसते. कांहींत मजकूर सुखरूप जातो आणि नोंद मुळींच होत नाहीं. ह्यावर जुना व सोपा उपाय असा कीं, फॉर्म खरोखर पोहोंचल्यानंतरच "आपली चौकशी मिळाली, आभारी आहों" असें एक स्वतंत्र पान उघडावें, आणि तें पान किती वेळां उघडलें हें मोजावें. ही घटना साधनामध्यें महत्त्वाची म्हणून खूण करून ठेवावी लागते. पूर्वीं ह्या खुणेस "कन्व्हर्जन" म्हणत. २०२४ सालापासून गूगलनें तिला "की इव्हेंट" हें नांव दिलें आहे. नांव कोणतेंहि असो, आभाराचें पान हाच खळ्याच्या तोंडाशीं उभा केलेला मापारी होय.

तरीसुद्धां हें माप काटेकोर नाहीं, हें प्रत्येकानें मनांत धरून चालावें. कित्येक लोक आपल्या मोबाईलवर किंवा संगणकावर अशा मोजणीस आडकाठी करणारें साधन वापरतात. त्यांची चौकशी येते, परंतु मोजली जात नाहीं. उलट, एकाच मनुष्यानें आभाराचें पान पुन्हां उघडलें तर तो दोनदां मोजला जाण्याचा संभव असतो. शिवाय माणसाऐवजीं यंत्रानेंच भरलेले निरर्थक फॉर्महि येतात. ह्यासाठीं माझें सांगणें असें कीं, ॲनालिटिक्सचा आंकडा हा आणेवारीसारखा समजावा. आणेवारी हा अंदाज असतो. पीक खळ्यावर आल्यावर जें भरतें तें खरें. आणेवारीचा उपयोग नाहीं असें कोणी म्हणत नाहीं, परंतु आणेवारीवर कोणी धान्य विकीतहि नाहीं. खळ्यावरचें माप म्हणजे आपल्या हातीं आलेल्या चौकशींची घरची वही. ह्या दोहोंत थोडा फरक राहणारच. तो फरक दर महिन्यास साधारण सारखा असला तर चिंता नको. तो एकाएकीं वाढला, तर त्याच दिवशीं कारण शोधावें.

आतां गिऱ्हाईक आलें कोठून, हा दुसरा प्रश्न. बाजारांत पेटी पाठवितांना आपण तिच्यावर आपली खूण रंगवितों, म्हणजे कोणाची पेटी ती ओळखूं येते. संकेतस्थळाच्या पत्त्यासहि अशीच खूण जोडतां येते. व्हॉट्सॲपवर पाठविलेल्या दुव्यास एक खूण, फेसबुकवरील जाहिरातीस दुसरी, प्रदर्शनांतील फलकावर छापलेल्या क्यूआर चौकोनास तिसरी, अशा खुणा लावल्या म्हणजे कोणत्या वाटेनें किती लोक आले व त्यांतील कितींनीं फॉर्म पाठविला हें निराळें दिसतें. येथें एक सावधगिरी बाळगावी. खुणेंतील इंग्रजी अक्षरें एकदां मोठ्या लिपींत व एकदां लहान लिपींत लिहिलीं, तर साधन त्यांस दोन निराळ्या वाटा समजतें. म्हणून खुणा एकदां ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्या आणि त्यांत बदल करूं नये. तसेंच फॉर्मांतच एक अदृश्य रकाना ठेवून ही खूण चौकशीबरोबर आपल्या ईमेलमध्यें आणवितां येते. म्हणजे प्रत्येक चौकशीपुढें तिची वाट वहींत लिहितां येईल.

ह्याचा लाभ काय तें एका कल्पित उदाहरणानें दाखवितों. समजा, एका बागाईतदारानें दोन जाहिरातींवर प्रत्येकीं ५,००० रुपये खर्च केले. पहिलीमुळें २,००० भेटी व ४ चौकशा झाल्या. दुसरीमुळें ३०० भेटी व १२ चौकशा झाल्या. भेटींवरून पाहिलें तर पहिली जाहिरात सरस. चौकशींवरून पाहिलें तर दुसरी सरस. कारण पहिलींत एका चौकशीस १,२५० रुपये पडले, तर दुसरींत सुमारें ४१७. पुष्कळ लोक येथेंच थांबतात आणि पहिली जाहिरात बंद करतात. परंतु त्यानें घरची वही उघडली, तेव्हां असें दिसलें कीं, पहिलीच्या चौघांपैकीं तिघांनीं मिळून ६० पेट्या नेल्या, आणि दुसरीच्या बारांपैकीं दोघांनीं मिळून ३. म्हणजे पहिल्या जाहिरातीचा खर्च पेटीमागें सुमारें ८३ रुपये व दुसरीचा सुमारें १,६६७ रुपये. तीन आंकडे, आणि प्रत्येक पुढच्या पायरीवर निर्णय उलटला! भेट म्हणजे मोहोर, चौकशी म्हणजे कैरी, आणि पेटी गेली म्हणजेच पीक. मोहोर पाहून कर्ज काढणारा बागाईतदार आपण शहाणा म्हणत नाहीं. अर्थात् असल्या लहान आंकड्यांवरून घाईनें सिद्धान्त बांधूं नये, हेंहि खरें. एका वर्षाच्या पावसावरून पेरणीची तिथि कोणी बदलीत नाहीं; दोनतीन हंगामांचा हिशेब जमूं द्यावा.

ह्या म्हणण्यावर आक्षेप येतील ते मला ठाऊक आहेत. पहिला आक्षेप असा कीं, आपल्याकडील गिऱ्हाईक फॉर्म भरीत नाहीं, तें फोन करतें किंवा व्हॉट्सॲपवर लिहितें. हें पुष्कळ अंशीं खरें आहे. संकेतस्थळावरील फोनच्या क्रमांकावर किंवा व्हॉट्सॲपच्या दुव्यावर किती जणांनीं बोट ठेविलें हेंहि मोजतां येतें, व तें मोजावें. परंतु बोट ठेविलें म्हणजे बोलणें झालें असें नव्हे. फोन आला असतां "आमचें नांव आपणांस कोठें कळलें?" हा एक प्रश्न विचारून उत्तर वहींत लिहावें. त्यास कांहीं खर्च नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फुकट मिळणारें साधन फुकट नसतें, आपल्या गिऱ्हाइकांच्या वर्तनाची माहिती परक्या कंपनीच्या हातीं जाते, असें कांहीं विचारी मंडळी म्हणतात. ही शंका मी हंसण्यावारी नेणार नाहीं. ज्यांस ती पटते त्यांनीं माटोमो हें, पूर्वीं पिविक नांवानें ओळखलें जाणारें, साधन आपल्याच सर्व्हरवर बसवावें. त्यांत नोंद आपल्यापाशींच राहते, मात्र देखभालीचा भार आपल्यावर येतो. आणि ज्याची बाग लहान आहे, हंगामांत दहावीसच चौकशा येतात, त्यानें कोणतेंहि साधन न बसवितां केवळ वही नीट ठेविली तरी त्याचें कांहीं अडणार नाहीं. माझा आग्रह साधनाचा नाहीं, हिशेबाचा आहे.

गिऱ्हाइकाच्या विश्वासाचा प्रश्न मात्र सर्वांनाच लागू आहे. फॉर्मांत भरलेलें नांव व क्रमांक ही आपल्यापाशीं ठेविलेली अमानत होय. ॲनालिटिक्समध्यें अशी ओळख पटविणारी माहिती पाठविण्यास खुद्द गूगलच्या नियमांची मनाई आहे. तथापि फॉर्म निष्काळजीपणें तयार केला असेल, तर भरलेला मजकूर आभाराच्या पानाच्या पत्त्यांतच उमटतो आणि पत्त्याबरोबर मोजणींत जाऊन बसतो. आपल्या फॉर्मांत असें होतें कीं काय, हें फॉर्म पाठविल्यावर वरच्या पत्त्याच्या ओळींत आपलें नांव दिसतें काय, एवढें पाहिल्यानें कळतें. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा भारतांत २०२३ सालीं संमत झाला व त्याचे नियम २०२५ सालीं निघाले. ज्या कामासाठीं माहिती घेतली त्याच कामासाठीं ती वापरावी, हें त्यांतील तत्त्व आपल्या जुन्या व्यवहारास धरूनच आहे. आंब्यासाठीं दिलेला क्रमांक जमिनीच्या दलालास देणें हा कायदा नसता तरी अप्रामाणिकपणाच ठरला असता.

आणखी एक गोष्ट, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मोजणीचें खातें बागाईतदाराच्या स्वतःच्या नांवावर असावें. संकेतस्थळ करणारा मनुष्य आपल्याच ईमेलवर तें उघडतो, पुढें त्याचा व आपला संबंध तुटतो, आणि वर्षांची नोंद त्याच्याबरोबर जाते. सात-बारा दुसऱ्याच्या नांवावर ठेवून आपण जमीन कसतों काय? त्यास काम करण्यापुरती परवानगी द्यावी, मालकी आपल्याकडे ठेवावी. आणि मालकी आपली असली तरी दर महिन्याचे आंकडे वहींत उतरवून घ्यावे. ॲनालिटिक्सच्या पूर्वींच्या आवृत्तीनें १ जुलै २०२३ पासून नवी नोंद घेणें बंद केलें, आणि जुलै २०२४ पासून तींतील जुनी नोंदहि काढून टाकण्यांत आली. ज्यांनीं उतरवून ठेविली नाहीं त्यांची ती गेली. चालू आवृत्तींतहि बारीक तपशील विनामूल्य खात्यांत फार तर १४ महिने राहतो, व मुद्दाम बदल न केल्यास २ महिनेच. आंब्याचा हंगाम वर्षांतून एकदां येतो. दोन महिन्यांच्या स्मरणशक्तीचा मुनीम आपल्या काय कामाचा?

सारांश, माझ्या सूचना थोड्या व साध्या आहेत. आठवड्यांतून एकदां स्वतःच फॉर्म भरून पाठवावा, चाचणी म्हणून त्यांत लिहावें, आणि तो आपल्या हातीं येतो कीं नाहीं हें पाहावें. महिन्याच्या आंकड्यांतून ह्या चाचण्या वजा कराव्या. वहींत तारीख, वाट, गांव, मागितलेला माल, उत्तर दिल्याची तारीख व गेलेला माल असे सहा रकाने आंखावे. माल गेला नाहीं तर कारण एका शब्दांत लिहावें; भाव जास्त, उशीर झाला, माल संपला, एवढें पुरे. महिन्याच्या पहिल्या तारखेस ॲनालिटिक्सचा आंकडा व वहीचा आंकडा एकमेकांस लावून पाहावा. हें सर्व करण्यास महिन्यास दोन तासांहून अधिक वेळ लागत नाहीं.

ज्यांस हेंहि जमणार नाहीं त्यांच्यासाठीं आपल्या संघांनीं पुढें यावें. दहावीस सभासदांच्या संकेतस्थळांची मोजणी व वही संघानें नेमलेला एक जाणता तरुण सहज सांभाळूं शकेल. गांवोगांवीं अशीं शिकलेलीं मुलेंमुली आज आहेत. माझी चूक माझ्या पुतणीनें एका दुपारीं शोधून काढली. खतांच्या व औषधांच्या खरेदींत आपण एकत्र येतों, तर गिऱ्हाइकाची हांक ऐकण्यांत एकत्र येण्यास काय हरकत आहे?

पुण्याच्या त्या कुटुंबास मीं पुढें पत्र लिहून क्षमा मागितली. त्यांचें उत्तर आलें, तें सौजन्याचें होतें. परंतु लग्न होऊन गेलें होतें, आणि पेट्या दुसऱ्या बागेंतून आल्या होत्या. येत्या हंगामाचा मोहोर दिसूं लागण्यापूर्वीं प्रत्येक वाचकानें आपला फॉर्म एकदां स्वतः भरून पाहावा, एवढी विनंती करून हा लेख पुरा करितों.